अ‍ॅशबी बुद्रुक, अ‍ॅशबी खुर्द: इंग्लिश गावनावे उलगडणारे एक संकेतस्थळ

लेस्टरहून मेल्टन मोब्रेकडे जाताना रीक नदीच्या खोऱ्यात रिअर्सबी, ब्रुक्सबी, रॉदरबी, फ्रिस्बी अशी गावे एकापाठोपाठ एक लागतात. या साऱ्यांच्या शेवटी येणारा ‘बी’ कुठून आला, हे मला नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या ‘की टू इंग्लिश प्लेस-नेम्स’ या विनामूल्य संकेतस्थळावर समजले आणि तेव्हापासून मी ते नेमाने वापरते आहे.

गावाचे नाव शोधले की अर्थ तर मिळतोच, शिवाय नावाची फोड करून कोणता घटक कोणत्या भाषेतला हेही सांगितलेले असते, आणि या सेवेचे खरे मोल मला त्यातच वाटते. ‘बी’ हा जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ शेतवस्ती किंवा गाव असा होतो. ८७७ साली डॅनिश सैन्याने मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा पूर्व भाग आपसांत वाटून घेतला आणि लेस्टरच्या आसपास त्यांची वस्ती वाढली, त्या काळाची ही खूण आहे. फ्रिस्बी म्हणजे उत्तर समुद्राच्या काठच्या फ्रिजियन लोकांचे गाव, आणि अ‍ॅशबी म्हणजे अ‍ॅश वृक्षांचे. लेस्टरशरमध्येच अ‍ॅशबी मॅग्ना आणि अ‍ॅशबी पार्वा अशी दोन गावे आहेत. लॅटिनमधले हे मॅग्ना-पार्वा म्हणजे फारसीतून आपल्याकडे आलेले बुद्रुक-खुर्दच, हे ध्यानात आले तेव्हा मला जुनी ओळख पटल्यासारखा आनंद झाला.

आजच्या उच्चारावरून अर्थ लावणे किती फसवे असते, हेही इथे कळते. एका दुकानातून विकत घेतलेल्या माहितीपत्रकात शिप्टन-अंडर-विचवुडचा संबंध चक्क जहाजांशी जोडला होता. प्रत्यक्षात ते मेंढ्यांचे गाव, आणि यॉर्कशरमधले स्किप्टनही त्याच अर्थाचे, फक्त नॉर्स जिभेवर ‘श’चा ‘स्क’ झालेला.

नोंदी मात्र अगदी थोडक्यात आहेत. नॉटिंगहॅम हे स्नॉट नावाच्या माणसाच्या लोकांचे वसतिस्थान. जमिनींच्या १०८६ च्या डूम्सडे या शाही नोंदवहीत ते ‘स्नॉटिंगेहॅम’ असे लिहिलेले आहे, आणि आरंभीचा ‘स’ पुढे गळला. अशा जुन्या लेखनरूपांचा सविस्तर पुरावा ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी १९२३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे परगणावार खंड मोठ्या ग्रंथालयात जाऊन जरूर चाळावेत. गावाच्या वेशीवरची पाटी वाचून उत्सुकता वाटणाऱ्या प्रवाशाला हे संकेतस्थळ पुरेसे आहे.