मध घेताना: नामांकित बाटली की सातेरीच्या पेटीतील मध?

घरात रोज चमचाभर मध लागत असेल, तर वर्षाकाठी दोन-अडीच किलो मध सहज संपतो. तो कोठून घ्यावा, हे बहुतेक वेळा किंमत पाहूनच ठरते. येथे दोनच पर्यायांची तुलना केली आहे: किराणा दुकानातील नामांकित कंपनीची बाटली आणि महाबळेश्वर परिसरातील मधपाळांनी पेट्यांमध्ये पाळलेल्या सातेरी या देशी मधमाशांचा मध. रस्त्याकडेला पोळ्यासह बादलीतून विकला जाणारा आग्या मोहोळाचा मध मुद्दाम वगळला आहे, कारण पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्या आणि पराग मिसळतात व तो लवकर आंबतो.

सातेरीचा मध बराच महाग पडतो आणि त्यामागे सरळ हिशेब आहे. सातेरीची एक वसाहत वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध देते. कंपन्यांना मुख्यतः पुरवला जाणारा मध मात्र मेलिफेरा या १९६२ च्या सुमारास आजच्या हिमाचल प्रदेशात रुजवलेल्या परदेशी माशीचा असतो, आणि तिची पेटी मोहरीसारख्या पिकांमागे हलवत नेली तर २५-३० किलो किंवा त्याहूनही अधिक मध मिळतो. त्यामुळे महाग म्हणजे लुबाडणूक, असे येथे समजू नये.

शुद्धतेच्या बाबतीत दोन्हीकडे शंकेला जागा आहे. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या १३ ब्रँडपैकी १० ब्रँड साखरपाकाची भेसळ ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत अनुत्तीर्ण ठरले. काही कंपन्यांनी हा निष्कर्ष फेटाळला. पण नेहमीच्या चाचण्यांना चकवा देणारा पाक तयार होतो, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले. असा पाक पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवून ओळखता येत नाही, त्यामुळे घरगुती परीक्षांवर विसंबू नये. दुसरीकडे, 'गावचा' हा शब्दही शुद्धतेचा दाखला नव्हे. पावसाळ्यात फुलोरा नसताना वसाहत जगवण्यासाठी मधपाळ माशांना साखरेचा पाक देतात; ते योग्यच आहे, मात्र त्या काळात साठलेला माल मध म्हणून बाटलीत येता कामा नये. शिवाय घाटातील दमट हवेमुळे सातेरीच्या मधात पाण्याचे प्रमाण जास्त राहते आणि २० टक्क्यांची मर्यादा पाळणे अवघड जाते. म्हणून चांगला मधपाळ पेटीतील पोळ्याची चौकट उचलून पाहतो, बहुतेक घरे माशांनी मध पिकल्यावर मेणाने बंद केली असतील तरच मेणाची टोपणे सुरीने कापतो आणि चौकट मधयंत्रात फिरवतो. पोळे शाबूत राहते व माशांना परत मिळते.

चवीत मात्र मला तुलनाच वाटत नाही. कंपनीचा मध अनेक ठिकाणचा एकत्र करून, तापवून आणि गाळून बारमाही एकसारखा ठेवलेला असतो. सातेरीचा मध फुलोऱ्याप्रमाणे बदलतो: जांभळाचा गडद व किंचित कडवट, हिरड्याचा वेगळा. थंडीत बाटलीच्या तळाशी कणीदार तुपासारखा थर बसला, तर तो दोष समजू नये.

तुलनेतील सर्वांत मोठा फरक बाटलीत दिसतच नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हातात घेऊन पाहावी: तिच्या अंगावरील प्रत्येक बारीक बी स्वतंत्रपणे पराग मिळून फळावी लागते, तशी न फळल्यास तेवढा भाग फुगत नाही आणि फळ वेडेवाकडे होऊन बाजारात मागे पडते. पराग पोहोचवण्याचे हे काम काही अंशी वाराही करतो, पण माशा फिरल्या की फळ भरते. कारले, दोडका, कलिंगड यांची नर व मादी फुले वेगळी असतात, तेथे कीटकांशिवाय फळधारणा जवळजवळ होतच नाही. कांद्याच्या बीजोत्पादनातही तीच गत. (सोयाबीन किंवा गहू घेणाऱ्याला मात्र पेटीचा फार उपयोग नाही.) मेलिफेराच्या पेट्याही परागीभवन करतातच, डाळिंबाच्या बागेत त्या मुद्दाम आणून ठेवल्या जातात; पण हंगाम संपला की त्या पुढच्या पिकाकडे जातात. सातेरी बारा महिने त्याच शिवारात राहते. २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झालेल्या मांघरसारख्या गावात पेट्या टिकणार की नाहीत, हे मधाला मिळणाऱ्या दरावर ठरते.

म्हणून माझा सल्ला असा: काढ्यात किंवा पाकक्रियेत, जेथे मध तापणारच आहे, तेथे साधी बाटली चालेल, नुसता खाण्यासाठी सातेरीचा घ्यावा. एक वर्षाखालील बाळाला मात्र यांपैकी कोणताच देऊ नये. विकत घेताना कोणत्या फुलोऱ्याचा, कोणत्या महिन्यात काढलेला आणि पेट्या कोठे आहेत, हे विचारावे. कारवी हे डोंगरउतारावरील झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तेव्हा कोणी दरवर्षी कारवीचा मध देऊ करत असेल, तर तो कोणत्या डोंगरावरचा आणि कोणत्या वर्षीचा, हेही विचारून घ्यावे.