आपला म्हणून पावती मागितली नाही

गेल्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात योसेमिटी पार्कला जाताना प्रीस्ट ग्रेड नावाच्या घाटाच्या चढावर आमच्या मोटरहोममधला (म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतला) टीव्ही निखळून माझ्या डाव्या हातावर पडला. हाड मोडलं नाही, पण कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला. हे गाडी चालवत होते. एकतीस फुटी गाडी, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कानाशेजारी तो आवाज. ह्यांनी स्टिअरिंग हलू दिलं नाही, म्हणून आम्ही तिघंही धड आहोत. मागे टेबलापाशी पट्टा लावून बसलेल्या माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई "काय पडलं गं? काय पडलं?" असं सारखं विचारत होत्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

तो टीव्ही आम्ही दोनच महिन्यांपूर्वी १,१८० डॉलर मोजून बसवून घेतला होता. बसवणारा मुलगा मराठी. ओळखीतल्यांनीच त्याचं नाव सुचवलं होतं. हल्ली इथे निवृत्तीनंतर जुनी मोटरहोम घेणारी मराठी घरं बरीच दिसतात, आणि जुन्या गाडीत जुना टीव्ही असतोच. म्हणून झालं ते सगळं, आकड्यांसकट सांगते.

आमची गाडी २००१ सालची. पुढच्या काचेच्या वर, दोन्ही सीटांच्या मधोमध, लाकडी कपाटात पंचवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता. वजन तीस किलोच्या वर. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं. तेव्हापासून वेगळा कन्व्हर्टर जोडल्याशिवाय त्या टीव्हीवर मुंग्यांशिवाय काही दिसत नव्हतं. आम्हा दोघांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना रात्री जेवणानंतर तासभर काहीतरी बघायला लागतं, आणि फोनच्या स्क्रीनवर त्यांना दिसत नाही. तेव्हा सपाट पडद्याचा टीव्ही लावून घेऊ, असं ठरलं.

गाडी फ्रीमाँटला, घराजवळच्या एका भाड्याच्या यार्डात उभी असते. तो मुलगा तिथे आला. तिशीचा असेल. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. "कुठलं गाव रे तुझं?" "कराड, आजी." झालं. कराड म्हणजे सातारा जिल्हाच. सासूबाईंनी पिशवीतला डिंकाचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला, आणि त्या क्षणापासून त्याला काही विचारणं आम्हाला अवघड होऊन बसलं.

"काकू, घरचा टीव्ही गाडीत चालत नाही," तो म्हणाला. "गाडीचा टीव्ही वेगळा असतो, बारा व्होल्टचा. थोडा महाग पडतो, पण आजींसाठी घेताय तर चांगलाच घ्या."

यात अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्या खऱ्यानेच आम्हाला गुंतवलं. बारा व्होल्टवर चालणारे टीव्ही खरोखर मिळतात आणि ते साध्या टीव्हीपेक्षा महाग असतात. पण साधा घरगुती टीव्हीही मोटरहोममध्ये व्यवस्थित चालतो. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असते तिथे तर प्रश्नच नाही. नसेल तिथे बॅटरीच्या बारा व्होल्टचे १२० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर लागतो. म्हणजे दोन रस्ते आहेत: बारा व्होल्टचा टीव्ही थेट बॅटरीवर, नाहीतर साधा टीव्ही इन्व्हर्टरवर.

त्याने आम्हाला दोन्ही विकले. बारा व्होल्टचा टीव्ही ६२० डॉलर, आणि त्यासाठी इन्व्हर्टर २६० डॉलर. बारा व्होल्टच्या टीव्हीला इन्व्हर्टर कशाला, हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. हे चाळीस वर्षं हिशेबाच्या कामात होते, मी शाळेत. विजेतलं आम्हाला कळत नाही, हे त्याने पाच मिनिटांत ओळखलं असणार.

बाकीचे आकडे: ब्रॅकेटचे ८५, "डिजिटल अँटेना"चे १४०, जुना टीव्ही नियमाप्रमाणे नष्ट करण्याचे ७५. मजुरी शून्य. "आपल्या माणसांकडून मजुरी घेत नाही हो काका." हे ऐकून ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. मला तो हात अजून दिसतो.

पैसे क्रेडिट कार्डाने देतो म्हटलं, तर म्हणाला कार्डाला तीन टक्के जास्त पडतील, झेलने, म्हणजे बँकेच्या ॲपवरून थेट खात्यात, पाठवा. तीन टक्के म्हणजे ३५ डॉलर. ते वाचवायला आम्ही आधी ७०० आणि काम झाल्यावर ४८० थेट त्याच्या खात्यात पाठवले. पावती मागावी असं मला एकदा वाटलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी नजरेनेच "राहू दे" म्हटलं, आणि मीही गप्प बसले. घरचा लाडू खाल्लेल्या मुलाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं.

आणायचा ठरला होता चाळीस इंची, आला बत्तीस इंची. "काकू, चाळीस बसत नाही, डोक्याला लागेल. बत्तीसच बरोबर. किंमत तीच, कारण बारा व्होल्टचा आहे ना." मागच्या बाजूला चकचकीत स्टिकर होता, बारा व्होल्ट लिहिलेला. टीव्ही लागला, चित्र छान दिसलं, बारीक गूं गूं आवाज येत होता तो "नवा आहे, जाईल" म्हणाला. जाताना अभिमानाने दाखवलं, की आता गाडी चालू असतानाही टीव्ही बंद होत नाही, आजींना प्रवासातही बघता येईल. जुना टीव्ही किल्ली फिरवली की आपोआप बंद व्हायचा. तो आम्हाला दोष वाटायचा.

दोन महिन्यांनी प्रीस्ट ग्रेड. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मोकॅसिनपासून वर चढताना वळणामागून वळण. टीव्ही एका वळणाला डावीकडे, पुढच्या वळणाला उजवीकडे झुलत होता. मी हाताने धरून बसले होते. मग एकदम कडकड आवाज झाला आणि लाकडी फळीच्या तुकड्यासकट सगळं खाली आलं. पाठोपाठ जळकट वास. ह्यांनी जागा मिळताच गाडी कडेला घेतली, मी मागचा मुख्य स्विच बंद केला, आणि तसेच हळूहळू ग्रोव्हलँडला पोचलो.

तिथल्या कॅम्पग्राउंडवर एक साठीतला मेक्सिकन मेकॅनिक भेटला. त्याने टॉर्च तोंडात धरून अर्धा तास सगळं पाहिलं आणि मला एकेक गोष्ट जवळ बोलावून दाखवली.

ब्रॅकेट घराच्या भिंतीवर लावतात तसला, लांब हाताचा होता. गाडीत प्रवासात घट्ट बसणारा, खिट्टीने कुलूपबंद होणारा लागतो. जुना टीव्ही काढल्यावर कपाटाला जे भगदाड पडलं, त्यावर त्या मुलाने भुशाची दाबलेली पातळ फळी मारली होती आणि तिच्यात चार आखूड स्क्रू. मोटरहोमच्या आतल्या भिंती नि छताचं पॅनेल जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं असतं. स्क्रू आतल्या चौकटीत गेला नाही तर धरायला काहीच नसतं.

इन्व्हर्टर हजार वॅटचा. टीव्हीला पन्नास-साठ वॅट पुरतात. हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण जोरावर बारा व्होल्टच्या बॅटरीतून ऐंशीच्या वर अँपिअर ओढू शकतो, आणि त्याला जोडलेली तार होती तिसेक अँपिअरच्या लायकीची. त्या तारेला फ्यूज नव्हता. टीव्ही पडला तेव्हा कपाटातून आणलेली ती तार ओढली जाऊन एका धातूच्या कडेला घासली, आवरण फाटलं आणि वास आला. बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला नसता तर काय झालं असतं, ते त्याने तोंडाने सांगितलं नाही, फक्त काळी पडलेली जागा बोटाने दाखवली. वर लाकूड, खाली फोम, आणि स्वयंपाकाच्या गॅसची टाकी गाडीच्या पोटाशी. मी तिथेच खाली बसले.

किल्लीबरोबर टीव्ही बंद करणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) तोडून तारा नुसत्या पिळल्या होत्या. गाडी चालवताना ड्रायव्हरच्या पुढच्या भागात टीव्ही चालू ठेवायला कॅलिफोर्नियात बंदी आहे. ती सोय त्यासाठीच होती.

मग त्याने टीव्ही पालथा केला आणि स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. खाली कारखान्याचं छापील लेबल निघालं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. साधा घरगुती टीव्ही, म्हणूनच त्याला इन्व्हर्टर लागला. बनवल्याचं साल सात वर्षांपूर्वीचं.

अँटेनाचं तर काय सांगू. छपरावर जी वटवाघळाच्या पंखांसारखी, आतून दांडा फिरवून वर करायची अँटेना होती, तीच होती. त्या मुलाने तिला हातही लावला नव्हता. डिजिटल प्रक्षेपणासाठी वेगळ्या जातीची अँटेना लागतच नाही, जुनी तेच सिग्नल पकडते. भिंतीवर एक बारीक बटण असतं, दाबलं की इवलासा दिवा लागतो आणि अँटेनाचा अॅम्प्लिफायर सुरू होतो. मग टीव्हीला चॅनेल पुन्हा शोधायला सांगायचे. १४० डॉलर त्या बटणाचे गेले.

त्या मेकॅनिकने सगळं सोडवून तारांची टोकं सुरक्षित केली, १२० डॉलर घेतले, आणि न मागता कागदावर लिहून दिलं.

त्या मुलाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "काकू, रस्ता खराब असेल." दुसऱ्यांदा म्हणाला भारतात आलोय. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ते परत आणता येत नाहीत. क्रेडिट कार्ड असतं तर हरकत घेता आली असती, तसा १९७४ पासून इथे कायदाच आहे.

जुलैच्या शेवटी यार्डवाल्यांचं पत्र आलं, सोबत फोटो. मागच्या कुंपणापाशी झुडपात आमचा जुना टीव्ही. आमचाच, कारण कोपऱ्यावर मी चिकटवलेला लाल गणपती होता. दंड १५० डॉलर. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, कॅलिफोर्नियात ती कचऱ्यात टाकता येत नाही. पण ई-कचरा केंद्रावर ती फुकट घेतात, कारण नवा पडदा विकत घेताना आपण २००५ पासून त्याचं शुल्क भरतच असतो. त्याने फुकट कामाचे ७५ घेतले, आणि तेही केलं नाही.

मी ओळखीतल्यांना सांगायला लागले तेव्हा काहींना ते आवडलं नाही. "आपलाच मुलगा आहे, नाव कशाला खराब करता?" असं मला फोनवर ऐकवलं गेलं. मी नाव घेतलंच नव्हतं, झालं तेवढंच सांगत होते. मात्र त्यानंतर आठवड्याभरात दोन घरांतून फोन आले. एकांकडे त्याने कॅमेरे बसवले होते, एकांकडे सोलरची बॅटरी. दोघंही लाजेने गप्प होती. त्यांच्यातल्या एका ताईंनी त्याला दिवाळीचा फराळ घरी नेऊन दिला होता. त्यामुळे आम्हाला त्याचा पत्ता मिळाला.

पत्ता नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, समोरच्याच्या हाती कागद पोचवावे लागतात, आणि तेही आपण स्वतः नाही, तिसऱ्या सज्ञान माणसाने. मागणी १,४५० डॉलरची केली: १,१८० त्याला दिलेले, १२० मेकॅनिकचे, १५० दंडाचे. दीड हजारापर्यंतच्या मागणीला कोर्टाची फी ३० डॉलर. वकील लागत नाही, चालतही नाही. सुनावणीला तो आला नाही. न्यायाधीशबाईंनी अर्धवट सोललेला स्टिकर हातात घेऊन नीट पाहिला, मेकॅनिकचा कागद वाचला, आणि निकाल आमच्या बाजूने दिला. पण पैसे कोर्ट वसूल करून देत नाही, ते आपल्यालाच करावे लागतात. आजवर एक डॉलर आलेला नाही. वसुलीचे अर्ज आम्ही भरतो आहोत, आणि भरत राहणार आहोत.

या जानेवारीत दुसऱ्या माणसाकडून काम करून घेतलं. साधा बत्तीस इंची टीव्ही, तीनशे वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी एकसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर, गूं गूं आवाज नाही. भगदाडावर पाऊण इंची प्लायवूड, बोल्ट थेट गाडीच्या चौकटीत. ब्रॅकेटला खिट्टी. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. किल्ली फिरवली की टीव्ही बंद. सगळं मिळून, मजुरीसकट, ६१० डॉलर, कार्डाने. काम सुरू करण्याआधी त्याने टीव्हीचा मॉडेल नंबर, तारेची जाडी, फ्यूजचा आकडा, हमीची मुदत, सगळं लिहून सही केली. ज्यांना गाडीत टीव्ही बदलून घ्यायचा असेल त्यांना त्या कागदाचा फोटो मी पाठवीन. त्यातल्या ओळी समोर ठेवून दर विचारा.