बिल आठ कॉइलचं, बदलल्या चारच

होंडा सिटी झेडएक्सच्या एका मालकाला गॅरेजने आठ इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) आणि आठ प्लगचं बिल लावलं. आठवडाभर गाडी बरी चालली, मग पहिल्याच चढावर चौथ्या गिअरमध्ये पुन्हा धक्के. दुसऱ्या मेकॅनिकने वायपरखालचं काउल, म्हणजे काचेच्या पायथ्याचं प्लास्टिकचं झाकण काढलं, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. मागच्या चार कॉइलवर धूळ आणि कुजलेल्या पानांचा थर जसाच्या तसा होता. बोल्टच्या डोक्याभोवतीची गंजाची रेघसुद्धा मोडलेली नव्हती. त्या बोल्टना कित्येक वर्षांत पानाच लागला नव्हता, आणि पैसे मात्र आठांचे घेतले होते.

ही फसवणूक याच गाडीत सोपी का पडते, ते आधी समजून घ्या. २००३ ते २००८ या काळातल्या होंडा सिटीच्या १.५ लिटर आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरला आठ प्लग आणि आठ कॉइल असतात. प्रत्येक सिलिंडरला एक पुढे आणि एक मागे. (त्याच काळातल्या व्हीटेक इंजिनाला चारच.) पुढच्या चार बोनेट उघडलं की समोर दिसतात, १० नंबरच्या पान्याने पटापट सुटतात. मागच्या चार फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली भिंत), एक्झॉस्टच्या बाजूला. तिथे नीट हात घालायचा तर वायपर आणि काउल काढावं लागतं. जुन्या गाडीत काउलच्या प्लास्टिक क्लिप कडक झालेल्या असतात आणि हमखास तुटतात. म्हणून कामचुकार माणूस पुढच्या चार बदलतो आणि मागच्यांना हातही लावत नाही.

लबाडी लगेच पकडली जात नाही, कारण मागची कॉइल मेली तरी पुढचा प्लग तो सिलिंडर पेटवत राहतो. आयडलिंग जवळपास ठीक वाटतं, इंजिन चेकचा दिवाही कधी कधी लागत नाही. त्रास जाणवतो तो १५०० ते २००० आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, गाडीवर लोड आल्यावर. गॅरेजच्या दारात मोकळी रेस देऊन दाखवली तर काहीच कळत नाही. ट्रायल घ्यायची ती चढावर, चार माणसं बसवून.

मागची कोणती कॉइल गेली हे काउल न काढताही शोधता येतं, आणि ही तपासणी मालकाने स्वतः समोर उभं राहून करून घ्यावी. चावी बंद करा, पुढच्या एक नंबर कॉइलचा कनेक्टर काढा, गाडी सुरू करा, दहा सेकंद ऐका. मागची कॉइल चांगली असेल तर आयडलिंगमध्ये फारसा फरक पडणार नाही. मागची मेलेली असेल तर तो सिलिंडर पूर्ण बंद पडतो आणि इंजिन थरथरायला लागतं. चावी बंद करून कनेक्टर परत लावा आणि दोन, तीन, चार नंबरला तेच करा. एक नंबर म्हणजे टायमिंग चेनच्या बाजूचा सिलिंडर. दोन गोष्टी मात्र सांभाळा. चालू इंजिनवर कॉइल प्लगवरून उपसू नका, झटका जबर बसतो आणि कॉइलही जाते. आणि जास्त वेळ असं चालवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं. तपासणीमुळे स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड (सिलिंडर नीट पेटत नसल्याचे) येऊ शकतात, ते शेवटी पुसून घ्या.

संशयित कॉइल सापडली तरी लगेच नवी घ्यायची नाही. शेजारच्या सिलिंडरची मागचीच कॉइल तिच्या जागी लावून बघा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्लग, कनेक्टर किंवा वायर बघा. पुढची कॉइल मागे लावून चालत नाही, दोन्हींचे पार्ट नंबर वेगळे आहेत. बिलावर आठही कॉइलना एकच पार्ट नंबर असेल तर तिथेच थांबवा आणि विचारा.

गिऱ्हाइकासमोर मल्टीमीटर लावून "बघा, रीडिंगच येत नाही, मेली आहे" असं दाखवणारे खूप भेटतात. या कॉइलला तीन पिना असतात आणि इग्नायटर, म्हणजे ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, आतच असतो. तिच्या पिनांवर ओहम मोजून ती मेली की जिवंत, हे ठरत नाही. नव्या कोऱ्या कॉइललाही तसंच विचित्र रीडिंग येईल. एवढ्या एका नाटकावर आठ कॉइल विकल्या जातात, आणि चीड याचीच येते, कारण आठपैकी सात बहुतेक वेळा धडधाकट असतात.

त्या सात चांगल्या कॉइल जातात कुठे? पुसून, चकचकीत करून पुढच्या गिऱ्हाइकाला. वापरलेली कॉइल ओळखायला तीन जागा बघा. कनेक्टरच्या पिनांवर बारीक उभे ओरखडे, बोल्टच्या भोकाभोवती दाबल्याचं गोल वळ, आणि रबरी बुटाच्या (प्लगवर बसणाऱ्या नळीच्या) तोंडाशी आतून प्लगच्या चिनी मातीचा ठसा. नवीन बूट नखाने दाबला की मऊ लागतो, जुना कडक. खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता छापलेला असायलाच हवा. खोकं न दाखवता हातात सुटी कॉइल घेऊन येणाऱ्याकडून काही बसवून घेऊ नका.

गाडी सोडण्याआधी आठही कॉइलवर पर्मनंट मार्करने बारीक खूण करा. मागच्यांना हात पोहोचत नसेल तर निदान काउलच्या क्लिपांचे फोटो काढून ठेवा. जॉब कार्डवर "जुने आठ प्लग आणि बदललेल्या सर्व कॉइल परत" असं लिहून घ्या. प्लग मोजून घ्यायचे, आठ म्हणजे आठ. अर्ध्या तासात आठही झाले असं कोणी म्हणालं तर काउल निघालेलंच नाही. नवे प्लग एनजीके बीकेआर६ई-११ किंवा तोडीचे, गॅप १.१ मिमी, इंजिन थंड असताना १८ न्यूटन-मीटरला आवळलेले. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ताकद लावून आवळणाऱ्याने आटे खाल्ले तर खर्च कॉइलच्या कितीतरी पुढे जातो. काउल परत बसवताना निचऱ्यातली पानं काढायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात पाणी मागच्या कॉइलवरच उतरतं.

कॉइल ठीक निघाल्या आणि धक्के राहिले तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा: थंड इंजिनावर इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी. सीव्हीटी (एक प्रकारची ऑटोमॅटिक) गाडी उभी असताना उचलतानाच थरथरत असेल तर तो स्टार्ट क्लचचा विषय आहे, कॉइलचा नाही.

फसवणूक झालीच असेल तर मागच्या कॉइल सोडवण्याआधी त्या थरासकट, गंजासकट फोटो आणि व्हिडिओ काढा, काढणाऱ्या मेकॅनिककडून सही-तारखेसह लिहून घ्या. बिल पक्कं हवं. आधी गॅरेजला लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार २ वर्षांच्या आत करायची, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.