वरची कडी, दाराचा सेन्सर की पलंगाशेजारची मॅट?

स्मृतिभ्रंश झालेलं माणूस रात्री उठून दार उघडून निघून जाण्याची भीती असेल, तर हे तीन उपाय समोर येतात. कडी अडवते. सेन्सर दार उघडलं की कळवतो, आणि मॅट तिच्यावर पाय टेकताच.

दाराच्या अगदी वरच्या टोकाला लावलेली कडी बऱ्याचदा पुरते, कारण सवयीचा हात नेहमीच्याच जागी जातो, नजर वर जात नाही. पण दार उघडेना की काही जण ते ओढत राहतात, चिडतात. कुणी खुर्चीवर चढतं आणि पडतं. आग लागली तर हीच कडी जिवावर बेतते. म्हणून ती किल्लीशिवाय उघडणारी हवी आणि घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाला अंधारातही काढता यायला हवी. रुग्ण एकटा असताना दार बाहेरून बंद करून जाणं, हा पर्यायच नव्हे.

सेन्सरचे दोन तुकडे असतात: चुंबक दारावर, दुसरा भाग चौकटीवर. दार बंद असताना दोघांत साधारण १ सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. दमट हवेत लाकूड फुगलं की दार नीट बसत नाही, फट वाढते, विनाकारण घंटा वाजते. मग वैतागून कुणीतरी तो बंदच करतं. भोंगा दाराशीच असलेला सेन्सर टाळाच. त्या आवाजाने रुग्ण दचकतो, गोंधळतो. घंटा सांभाळणाऱ्याच्या उशाशी वाजायला हवी.

मॅट सर्वांत आधी सावध करते, त्यामुळे रात्री तोल जाऊन पडण्याची भीती असेल तर तीच घ्या. पलंगाची एक बाजू भिंतीला लावा, म्हणजे उतरायची जागा एकच राहते. मॅट जमिनीच्याच रंगाची घ्या. गडद मॅट काहींना खड्ड्यासारखी दिसते आणि ते ती ओलांडून उडी मारतात. कडा वळली असेल तर पाय अडकतो, तेव्हा ती चिकटपट्टीने चारही बाजूंनी दाबून बसवा.

जीपीएसचं घड्याळ माणूस बाहेर पडल्यानंतर उपयोगी. तेही चार्ज केलेलं आणि हातात असेल तरच.

आमचा कौल आधी सेन्सरला. तो वाजून तुम्ही दाराशी पोहोचेपर्यंत माणूस जिन्यावर किंवा रस्त्यावर गेलेला असेल, तर जोडीला कडी लावा. चपला आणि किल्ल्या मात्र आजच दाराजवळून हलवा.