नवशिक्यांसाठीचा तयार गोल्फ सेट: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

नवीन माणसाचा गोल्फमधला उत्साह मावळतो तो चेंडू हवेत उठत नाही म्हणून. त्यामुळे पिशवीसकट मिळणाऱ्या तयार सेटला आमची पहिली कसोटी एकच: यातले किती क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) चेंडू सहज उचलतात?

या सेटमध्ये साधारण दहा ते बारा क्लब असतात. नियमाने जास्तीत जास्त १४ चालतात, कमी घेऊन खेळायला काहीच आडकाठी नाही. सुरुवातीला सहा पुरतात: हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब), ७ आणि ९ नंबरची आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचे क्लब), पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्यासाठी) आणि पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवण्यासाठी).

आयर्न ही या सेटची खरी जमेची बाजू. मागून पोकळ, वजन कडेला, तळ रुंद. त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी क्लबचं तोंड कमी वळतं, आणि जरा मागे लागला तरी तळ गवतात रुतण्याऐवजी घसरतो. हायब्रिडचंही तसंच, लांब आयर्न (३, ४ अशा छोट्या नंबरच्या) सेटमध्ये नसतील तर उत्तमच.

ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) मात्र निराश करतो. लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकसपणा, बहुधा १०.५ अंश. हळू स्विंगला चेंडू वर जात नाही, शिवाय कमी लॉफ्टवर आडवी फिरकी जास्त जाणवते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे पळतो. १२ अंश किंवा जास्त मिळत असेल तरच घ्या, नाहीतर टीवरूनही (सुरुवातीच्या फटक्यालाही) हायब्रिड मारा. १५ अंशांचा ३ नंबरचा वुड (ड्रायव्हरसारखाच मोठ्या डोक्याचा क्लब) जमिनीवरून मारणं तर त्याहून अवघड. तो खुशाल घरी राहू द्या.

बऱ्याच सेटमध्ये सँड वेज नसतो, ही आमची सगळ्यात मोठी तक्रार. पिचिंग वेजची धार वाळूत खोल शिरते आणि चेंडू बंकरमध्येच (वाळूच्या खड्ड्यातच) राहतो. ५४ ते ५६ अंशांचा, तळाला चांगला बाउन्स (वाळूत रुतू न देणारा फुगीर कोन) असलेला वेज वेगळा घ्यावा लागला तरी घ्या.

‘पुरुषांचा’, ‘महिलांचा’ या लेबलवर जाऊ नका, माप बघा. बूट घालून, हात सैल सोडून सरळ उभं राहा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि दुकानदाराला तेच सांगा. मग ७ नंबरच्या तळाला चिकटपट्टी लावून कडक फळीवरून काही चेंडू मारा. ओरखडा टोकाकडे आला तर क्लबचा शाफ्ट (दांडा) तुमच्यासाठी जमिनीकडे जास्त झुकलेला, म्हणजे आडवा आहे, शाफ्टकडे आला तर जास्त उभा. मुलांसाठी मोठ्यांचे क्लब कापू नका. शाफ्ट ताठ होतो आणि डोकं जड लागतं.

चेंडू साधे, दोन थरांचे घ्या. ते हरवणारच, आणि शोधायला नियमाने तीनच मिनिटं असतात.

सेट घरी आला की आधी पटर काढा. १०८ मिलिमीटरचं भोक, एक मीटर अंतर: चेंडू आत पडायला लागले की ९ नंबरने ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेवरून छोटे चिप (बुटके, हलके फटके) मारा. मग ७ नंबर, चेंडू बुटक्या टीवर (छोट्या खुंटीवर) आणि स्विंग कमरेपर्यंतच. मैदानावर पहिल्यांदा उतरताना सगळ्यात पुढच्या, म्हणजे ग्रीनला सगळ्यात जवळच्या, सुरुवातीच्या जागेवरून खेळा. तेही लांब वाटलं तर ग्रीनपासून शंभर मीटरवर चेंडू ठेवून सुरुवात करा.