३२ इंची ४के एचडीआर मॉनिटर: ओएलईडी घ्यावा की मिनी-एलईडी?

खेळांसाठी मॉनिटर घेताना खोक्यावरच्या दोन शब्दांपैकी ‘४के’ हा शब्द बिनधोक असतो. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, एवढाच त्याचा अर्थ आणि तो सगळीकडे सारखा. ‘एचडीआर’, म्हणजे एकाच चित्रात अतिशय उजळ आणि अतिशय गडद भाग दाखवण्याची क्षमता, याचे मात्र तसे नाही. पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिस्प्लेएचडीआर’ नावाची प्रतवारी सुरू केली. तिच्यातील सर्वांत खालच्या ४०० या पायरीसाठी पडद्याच्या निरनिराळ्या भागांचा उजेड स्वतंत्रपणे कमीजास्त करता येणे, म्हणजेच लोकल डिमिंग, बंधनकारक नाही. त्यामुळे असा मॉनिटर एचडीआर सिग्नल स्वीकारतो खरा, पण अंधाऱ्या गुहेतली मशाल उजळवायची झाली तर भोवतालची गुहाही तिच्याबरोबर उजळते. ज्यांचे अंदाजपत्रक या पायरीपाशी थांबते, त्यांनी तो एक चांगला ४के मॉनिटर म्हणून खुशाल घ्यावा आणि एचडीआर बंद ठेवावे. खरी निवड त्याच्या वरच्या दोन प्रकारांत आहे.

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि काळे दाखवायचे असेल तेव्हा पूर्ण विझतो. मिनी-एलईडी हा मुळात एलसीडीच. फक्त त्याच्या मागे बारीक दिव्यांची दाटी असते आणि ते दिवे झोनमध्ये विभागलेले असतात. या श्रेणीत वारंवार आढळणारा आकडा ११५२ झोनचा आहे. ऐकायला तो मोठा वाटतो, पण ८३ लाख पिक्सेलना त्याने भागले की एका झोनच्या वाट्याला ७२०० पिक्सेल येतात. रात्रीच्या आकाशात एकच तारा असला तरी त्याच्यामागचा अख्खा झोन पेटतो आणि ताऱ्याभोवती फिकट वलय दिसते. एलसीडीच्या प्रकारांपैकी व्हीए पॅनेलचा मूळ कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) साधारण ३०००:१ किंवा त्याहून अधिक आणि आयपीएसचा १०००:१ च्या आसपास असल्याने हे वलय व्हीएमध्ये बरेच झाकले जाते. म्हणून मिनी-एलईडी घ्यायचे ठरलेच, तर झोनच्या संख्येइतकाच पॅनेलचा प्रकारही पाहावा.

उजेडाच्या बाबतीत पारडे उलट फिरते. २०२४ मध्ये बाजारात आलेले ३२ इंची, ४के, २४० हर्ट्झचे (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारे) क्यूडी-ओएलईडी (रंगांसाठी क्वांटम डॉटचा थर असलेले ओएलईडी) मॉनिटर, मग ते आसुसचे असोत, एमएसआयचे असोत किंवा डेलच्या एलियनवेअरचे, सॅमसंग डिस्प्लेच्या पॅनेलवर बेतलेले आहेत. त्यांच्या जाहिरातीतले १००० निट (निट हे उजेडाचे माप) केवळ पडद्याच्या दोन-तीन टक्के भागापुरते मिळतात. पडदा पूर्ण पांढरा झाला की उजेड साधारण २५० निटवर येतो. चांगला मिनी-एलईडी तोच १००० निटचा झोत बऱ्याच मोठ्या भागावर टिकवून धरतो. बर्फाळ डोंगर, वाळवंट किंवा भर दुपारचे मैदान असलेल्या खेळांत हा फरक तत्काळ जाणवतो. भयकथा, अवकाश आणि रात्रीच्या शहरांच्या खेळांत ओएलईडीला तोड नाही.

यात खोलीचा विचार बहुतेक तुलनांत राहून जातो. क्यूडी-ओएलईडीमध्ये बाहेरचा उजेड शोषणारा ध्रुवक थर (पोलरायझर) नसतो, त्यामुळे बाहेरचा उजेड पडद्यावर पडला की काळा रंग जांभळट-करडा दिसू लागतो. गॅलरीचे दार समोर असलेल्या हॉलमध्ये दिवसा खेळणाऱ्याने ज्या काळ्यासाठी जादा पैसे मोजले, तेच नेमके हरवते. एलजी डिस्प्लेच्या डब्ल्यूओएलईडी, म्हणजे पांढऱ्या प्रकाशाच्या ओएलईडी, पॅनेलमध्ये ध्रुवक असल्याने हा दोष नाही. एलजीच्या ३२ इंची मॉनिटरला मॅट आवरणही आहे, शिवाय ४के २४० हर्ट्झवरून १०८०पी ४८० हर्ट्झवर जाण्याची सोय आहे.

चित्र बदलण्याच्या वेगात ओएलईडी निर्विवाद पुढे आहे, तर व्हीए पॅनेलवर गडद दृश्ये वेगाने सरकताना मागे काळसर ओघळ राहतो. मात्र ४के चित्रात १४४०पीच्या (२५६० गुणिले १४४०) सव्वादोनपट पिक्सेल असतात आणि मध्यम ग्राफिक्स कार्डाला २४० हर्ट्झ गाठणे क्वचितच जमते. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलचे चित्र मोठे करून कार्डाचा भार हलका करणारी तंत्रे) वापरूनही कार्ड धापा टाकत असेल, तर २७ इंची १४४०पी ओएलईडी अधिक शहाणपणाचा.

मग बर्न-इनचे काय? तीच नकाशाची चौकट, तीच आयुष्याची पट्टी आणि खालचा टास्कबार तासन्‌तास एका जागी राहिला, तर ओएलईडीवर त्याची खूण कायमची उमटू शकते. दिवसाचे आठ तास एक्सेल आणि संध्याकाळी दोन तास खेळ, असा ज्यांचा एकाच पडद्यावरचा दिनक्रम आहे, त्यांनी माझ्या मते मिनी-एलईडीच घ्यावा. फक्त खेळ आणि चित्रपट पाहणाऱ्याने ओएलईडी निःशंक घ्यावा. अक्षरांचा मुद्दाही याला जोडूनच येतो. क्यूडी-ओएलईडीतील उपपिक्सेल (पिक्सेलमधले लाल, हिरवे, निळे ठिपके) त्रिकोणी रचनेत असल्याने अक्षरांच्या कडांना पुसट रंगीत झालर येते. ३२ इंची ४केमध्ये इंचाला सुमारे १४० पिक्सेल असल्याने ती फारशी खुपत नाही, पण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर दिवसभर वाचणाऱ्याने ती एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी.

ओएलईडी घेणाऱ्यांनी एक घरगुती सवय मात्र सोडायला हवी. रात्री भिंतीवरचे बटण बंद करणे आपल्याकडे अंगवळणी पडलेले आहे, पण या मॉनिटरची बर्न-इन टाळण्यासाठीची पिक्सेल रिफ्रेश प्रक्रिया तो स्टँडबायवर असतानाच चालते. वीजच तोडली तर ती होत नाही. खरेदीपूर्वी वॉरंटी कार्डावर बर्न-इनचा स्पष्ट उल्लेख आहे का आणि ती वॉरंटी भारतात लागू होते का, हे वाचून घ्यावे. परदेशातून कोणी आणून दिलेला स्वस्त मॉनिटर इथेच महागात पडू शकतो.

कन्सोलवाल्यांचे गणित वेगळे आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४केमध्ये १२० हर्ट्झपलीकडे जात नाहीत, म्हणून २४० हर्ट्झसाठी दिलेले पैसे त्यांच्या दृष्टीने वाया जातात. त्यांना एचडीएमआय २.१ हवे, पण केवळ तो आकडा वाचून भागत नाही, कारण जुन्या २.० क्षमतेच्या पोर्टवरही २.१ हे नाव लावण्याची मुभा आहे. ‘४के १२० हर्ट्झ’ आणि ‘व्हीआरआर’ (खेळाच्या वेगानुसार पडद्याचा वेग बदलण्याची सोय) हे शब्द तपशिलात स्वतंत्रपणे शोधावेत. सोफ्यावरून खेळणाऱ्याने तर मॉनिटरचा नाद सोडून ४२ किंवा ४८ इंची ओएलईडी टीव्ही पाहावा. एक्सबॉक्सवरील डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) खेळ मॉनिटरवर सहसा चालत नाहीत, अशा टीव्हींवर मात्र ते बहुधा चालतात. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही व मॉनिटरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे केवळ करासाठी ३२ इंचांवर थांबण्याचे कारणही उरलेले नाही.

पडदा कोणताही घेतला तरी पहिल्या दिवशी विंडोजचे एचडीआर कॅलिब्रेशन ॲप किंवा प्लेस्टेशनमधील एचडीआर जुळवणी जरूर करावी. टीव्हीत एचजीआयजी (उजेडाची जुळवणी खेळावरच सोपवणारा) हा पर्याय असेल तर जुळवणीपूर्वीच तो निवडावा. नाहीतर उजेडाचे तेच गणित एकदा खेळ आणि पुन्हा टीव्ही मांडतो, आणि ढगांमधले बारकावे पांढऱ्या पट्ट्यात विरून जातात.