शून्य न घेणारा रकाना: महिला नेतृत्व आणि उद्योजकता कार्यक्रम, सात महिन्यांनंतर

काल रात्री मेल आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' ही तक्रार मी कार्यक्रमाच्या तिसऱ्या आठवड्यात केली होती. तिच्यासाठी तीन महिने भांडले, मग कंटाळून नाद सोडला, आणि आता ती सुटल्यावर माझं डोकं फिरलंय. म्हणून लिहायला बसले. नाहीतर तेव्हा रागाच्या भरात कार्यक्रमाला दिलेले दोन तारे तसेच लटकत राहिले असते.

कार्यक्रम कसा असतो ते इथे बहुतेकींना माहीत आहे. सहा महिने, दर आठवड्याला व्हिडिओ आणि एक तक्ता, पंधरवड्याने मार्गदर्शक बाईंशी कॉल, आठ जणींचा गट, शेवटी सादरीकरण. नोकरी सोडून धंदा काढा असं कोणी सांगत नाही. आहात तिथेच नवं काही उभं करा, एवढंच. अशा माणसाला 'इन्ट्राप्रेन्युअर' म्हणतात, आणि या कल्पनेचं मूळ गिफर्ड आणि एलिझाबेथ पिंचॉट यांच्या १९७८ सालच्या लेखात आहे, हे पहिल्याच व्हिडिओत कळतं. फी अर्धी कंपनीने भरली, अर्धी मी. माझ्या अर्ध्यात महिन्याचा पगार गेला. त्यामुळे मी एकही व्हिडिओ सोडला नाही, पाठाखालची प्रश्नमंजुषासुद्धा दोन-दोनदा सोडवली.

मी प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. चौदा वर्षं झाली, त्यातली सहा सेवा विभागाची प्रमुख म्हणून. तक्रार लांबवणं, दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, महिनाअखेरीला आकडा बरा दिसावा म्हणून गुपचूप 'बंद' करणं, हे सगळे प्रकार मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेत. (एकदोन केलेही आहेत.) तेव्हा सेवा विभागाशी भांडताना मला गंडवणं जरा अवघड आहे.

तर तो रकाना. आठवड्याच्या तक्त्यात वर लिहायचं 'या आठवड्याचा प्रयोग', खाली 'कोणाला विचारणार', आणि उजव्या कोपऱ्यात छोटासा चौकोन, 'परवडणारं नुकसान'. मागची कल्पना चांगली आहे. सरस सरस्वती या संशोधिकेने हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली २७ मुरलेल्या उद्योजकांसमोर एका काल्पनिक उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि त्यांना मोठ्याने बोलत विचार करायला लावलं. २००१ साली त्यांनी त्यावरची मांडणी प्रसिद्ध केली. ही माणसं 'यातून किती मिळेल' याचा अंदाज बांधत बसत नाहीत. हातात काय आहे ते बघतात आणि 'बुडालं तर किती बुडालेलं मला चालेल' ते आधी ठरवतात. काटकसरी माणसाला हे लगेच पटतं. मला तर पहिल्या मिनिटाला पटलं.

माझा प्रयोग असा होता. ग्राहकाचा नाजूक काटा, म्हणजे ग्रॅमच्या दहाहजाराव्या भागापर्यंत मोजणारा, दुरुस्तीला आमच्याकडे आला की त्याचं काम ठप्प होतं. आमच्या कोठारात असे दोन जुने काटे धूळ खात पडले होते. हिशेबाच्या वह्यांतून ते कधीच बाद झालेले. दुरुस्ती होईपर्यंत ते बदली म्हणून पाच ग्राहकांना द्यायचे आणि कोणी त्याचे पैसे देईल का ते बघायचं. नुकसान किती? काही नाही. काटे भंगारातले, जाणार-येणार मी. रकान्यात शून्य टाकलं.

लाल अक्षरं उमटली: 'कृपया शून्यापेक्षा मोठी संख्या भरा.'

शून्य दशांश शून्य टाकून पाहिलं. रकाना रिकामा ठेवून पाहिला. अक्षरी 'शून्य' लिहिलं, तर म्हणे अक्षरं चालत नाहीत. शेवटी एक टाकला. एक काय, ते मलाही माहीत नव्हतं आणि त्या रकान्यालाही. पण तक्ता पुढे सरकला.

तक्रार केली. पहिलं उत्तर यंत्राचं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' दुसरं माणसाचं, 'ब्राउझर बदलून पाहा.' बदलला. तिसऱ्यात कॅशे साफ करायला सांगितलं. चौथं उत्तर आलंच नाही, तक्रार परस्पर बंद. तारीख पाहिली तर तीस! मी हसले आणि तक्रार पुन्हा उघडली, या वेळी लाल वर्तुळं काढलेले पाच स्क्रीनशॉट जोडून. असं तीनदा झालं. गटातल्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "अहो ताई, एक टाकून पुढे का जात नाही?" बरोबर होतं त्यांचं. पण आमच्याकडे एखादा तंत्रज्ञ 'एक टाकून पुढे' गेला तर मी त्याला उभं करते, मग इथे मी का जाऊ?

याच काळात मी दोन तारे दिले, पण ते काही फक्त रकान्यामुळे नव्हते. पहिले सहा आठवडे आत्मविश्वासावर आहेत. डोळे मिटा, आतल्या टीकाकाराला नाव द्या, आरशासमोर खांदे मागे घ्या. चौदा वर्षं चिडलेल्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या बाईला कोणी आवाज खणखणीत ठेवायला शिकवू नये. तेव्हा मी लिहिलं होतं की मानसिकता वगैरे सगळं थोतांड आहे, सरळ हिशेब शिकवा.

ते वाक्य आता मागे घेते, पण पूर्ण नाही. मार्गदर्शक बाईंनी टोगो या देशातल्या एका प्रयोगाचा निबंध पाठवला, २०१७ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला. १,५०० छोटे व्यावसायिक, तीन गट. एका गटाला हिशेब-विपणनाचं नेहमीचं प्रशिक्षण, एकाला 'पुढाकार घेण्याचं' मानसशास्त्रीय प्रशिक्षण, तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकारवाल्यांचा नफा सरासरी ३० टक्के वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाची ११ टक्के वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकलीच नाही. बायकांच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा. म्हणजे माझं 'सरळ हिशेब शिकवा' तोंडावर आपटलं. पण निबंध नीट वाचला तर तिथे खांदे मागे घ्यायला कोणी सांगितलेलं नाही. सगळे करतात त्याहून वेगळं काय करता येईल, पुढची संधी आणि अडचण आधीच कशी हेरायची, अडल्यावर कसं रेटायचं, याचा सराव होता तो. आमच्या कार्यक्रमाने त्यातला पुढाकार बाजूला ठेवला आणि श्वासाचे व्यायाम घेतले. तेव्हा मानसिकतेला माफी, त्या सहा आठवड्यांना नाही.

आता चौथा कॉल. त्याच्यामुळे मी दोनाचे चार तारे केले.

बाईंनी माझा तक्ता उघडला आणि म्हणाल्या, "हा एक काय आहे?"

मी रकान्याची सगळी कहाणी सांगितली, लाल वर्तुळांसकट. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "बरं, काटा ग्राहकाकडे नेणार कोण?"

"मीच. नाजूक असतो, पोरांच्या हाती देववत नाही."

"तिथे गेल्यावर?"

"टेबल हलतंय का बघायचं. काट्याचे पाय फिरवून पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणायचा. मग चालू करून तासभर तापू द्यायचा, नाहीतर आकडा सरकत राहतो. मग प्रमाणित वजन ठेवून जुळवणी. जागा बदलली की जुळवणी पुन्हा करावीच लागते."

"आणि परत आणताना?"

"आणायचा, पुसायचा, पुन्हा तपासायचा."

"किती तास झाले?"

मी कागदावर मांडलं. एका ग्राहकामागे पाच तास. पाच ग्राहक.

"पंचवीस," मी म्हटलं.

"अगं, मग शून्य कुठून आणलंस?"

मला उत्तर सुचेना. त्यांनी आणखी काही समजावलं नाही, पुढच्या रकान्याकडे वळल्या. कॉल संपताना फक्त एवढं म्हणाल्या की गटातल्या आठपैकी सहाजणींनी तिथे शून्य भरायचा प्रयत्न केलाय. नंतर मी गटात विचारलं. एकीने नवं प्रशिक्षण सुरू केलं होतं, त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या रात्री जागून स्वतः लिहिल्या, नुकसान शून्य. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांसाठी शनिवारचा वर्ग काढला, शिकवायला स्वतःच, नुकसान शून्य. आम्ही सगळ्या पगार घेणाऱ्या, टीम चालवणाऱ्या. हाताखालच्या माणसाचा अर्धा तास वाया गेला तर हिशेब मागणाऱ्या!

त्या आठवड्यात मी रकान्यात २५ लिहिलं, शेजारी टीप, 'तास'. आकडा दिसल्याबरोबर प्रयोगच बदलला. पंचवीस तास घालवण्याची माझी ऐपत नव्हती. पाचाऐवजी दोन ग्राहक घेतले. जुळवणी एका ज्युनिअर मुलीला शिकवली, पहिल्या दिवशी नुसती शेजारी उभी राहिले. तिने बुडबुडा माझ्याहून लवकर बसवला, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. आणि काटा नेण्याआधीच भाडं सांगितलं. एक ग्राहक लगेच तयार झाला. दुसरा म्हणाला, फुकट असेल तर द्या. त्याला नाही दिला. पूर्वी दिला असता, आणि वर संबंध जपले म्हणून खूश झाले असते.

बाकीचं भराभर सांगते. रोख पैशाच्या आवक-जावकीवरचे दोन पाठ अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात कामाचे, आणि सगळ्यात छोटेही. का, ते त्यांनाच ठाऊक. नऊ चौकटींचं ते व्यवसाय-आराखड्याचं चित्र भिंतीवर लावायला छान दिसतं, मी एकदा भरलं आणि पुन्हा पाहिलं नाही. गटाचा कट्टा कार्यक्रम चालू असेपर्यंत जिवंत होता. आता तिथे सगळ्याजणी एकमेकींना काहीतरी विकतात, विकत कोणी घेत नाही.

सादरीकरणाची तयारी मात्र दणक्यात करून घेतात. त्यात डाना कान्झे आणि सहकाऱ्यांचं संशोधन वापरलंय. २०१० ते २०१६ दरम्यान न्यूयॉर्कच्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेत गुंतवणूकदारांनी काय काय विचारलं ते त्यांनी तपासलं. पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न 'वाढवणार कसं' या धाटणीचे, बायकांना विचारलेले ६६ टक्के 'सांभाळणार कसं' या. विचारणारी बाई असली तरी तेच. आणि सांभाळण्याच्या प्रश्नाला ज्यांनी वाढीचं उत्तर दिलं त्यांना पुढे जास्त पैसा मिळाला. मी हे ऐकून मान डोलावली आणि विसरले. मग सादरीकरणात आमच्या संचालकांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, काटा ग्राहकाकडे फुटला तर?" माझ्या तोंडावर आलं होतं की अनामत घेऊ, पावती करू, मी स्वतः लक्ष ठेवीन. गिळलं. म्हटलं, "एक फुटल्याचं नुकसान या तक्त्यात धरलंय सर, हे बघा. आता दोन काटे पूर्ण महिनाभर बाहेर असतात आणि तीन ग्राहक रांगेत आहेत. मला आणखी चार हवेत." चार नाही, दोन मिळाले. पण 'सांभाळीन' न म्हणता मिळाले.

एक धोक्याची सूचना. सहा महिने संपले की सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं आणि ते बंद करायचं बटण तीन पानं आत दडवलंय. माझे एका महिन्याचे पैसे गेले. उद्योजकता शिकवणाऱ्यांनी आपल्या घरची उद्योजकता अशी दाखवावी का? परत मागितले आहेत. बघू.

तर मूळ मुद्दा. कालचा मेल म्हणतो, 'परवडणारं नुकसान' या रकान्यात आता शून्य चालेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. म्हणजे तो रकाना मुद्दाम तसा ठेवला नव्हता. बिघाडच होता, आणि तो मीच नेटाने पाठपुरावा करून दुरुस्त करून घेतला. नव्या तुकडीतल्या एकीने कट्ट्यावर लिहिलंय, 'आता तक्ता किती सोपा झालाय!' मी तिला उत्तर टाईप केलं, ते फारच लांब झालं, म्हणून पुसलं.

मग माझे जुने तक्ते उघडून पाहिले. दुरुस्ती करताना त्यांनी त्या रकान्याची सगळी जुनी नोंद उडवली आहे. चौथ्या कॉलनंतरच्या आठवड्यात, जिथे मी २५ लिहिलं होतं, तिथे आता ० दिसतंय. शेजारची टीप तेवढी शिल्लक आहे, 'तास'.

रात्री साडेअकराला नवी तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट जोडून, लाल वर्तुळासकट. सकाळी उत्तर आलं, ब्राउझर बदलून पाहा. तारे सध्या तीन.